हल्लीचे गायक शब्द गिळतात

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टनं बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. गायिकेनं हेडफोन सारखा केला, घोटभर कोमट पाणी घेतलं आणि तेविसाव्यांदा तीच ओळ म्हटली.

“सावकाश ये, सकाळ अजून निजलेली असेल…”

सूर कुठे हलत नव्हता. श्वास पुरत होता. पण ‘स’ जवळ आला की तिची जीभ आधीच दबा धरून बसायची. नव्यानं सायकल शिकणाऱ्याला रस्त्यातला एकुलता एक खांब दिसावा आणि त्यानं नेमकं त्याच्यावरच जाऊन आदळावं, तसं चाललं होतं.

रेकॉर्डिस्टनं संगीत थांबवलं.

“मॅडम, एक बोलू? राग मानू नका.”

“बोला.”

“तुम्ही गात नाही आहात. शुद्धलेखन घालताय.”

ती हसली. तो भला माणूस होता आणि दहा वर्षं तिचा आवाज त्याच्याच हातून लोकांपर्यंत गेला होता. त्याच्या शेजारी बसलेला संगीतकार मात्र हसला नाही. तो उठून काचेजवळ आला आणि बोलण्याचं बटण दाबलं.

“ताई, उद्या अकराला एकदा शेवटचं बघू. नाहीच जमलं तर मग त्या नव्या मुलीला बोलावतो. सिनेमा पुढच्या महिन्यात लागतोय, माझा नाइलाज आहे.” बटणावरचं बोट त्यानं उचललं, पुन्हा ठेवलं. “आणि ते शब्दांचं बघाच जरा. माझाही आता सारखा तिथंच कान जातो. ते वाचल्यापासून.”

काय वाचल्यापासून, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वीचं ते कात्रण तिच्या पर्समध्ये होतं. बुधवारच्या पुरवणीत सरांचं सदर यायचं. त्या आठवड्यात आलेली नवी गाणी, मालिका, सिनेमे यांच्यावर ते बेधडक लिहायचे, आणि लोक पुरवणी उघडायचे ती त्यासाठीच. त्या बुधवारी त्यांनी तिच्या नव्या गाण्यावर लिहिलं होतं: ‘आवाज आहे, समज आहे, पण गोळी गालात धरून गावं तसं गाणं. हल्लीचे गायक शब्द गिळतात. या गाण्यातले स आणि श कुणाला सापडले तर कृपया परत आणून द्यावेत.’

दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तिनं पेपर रद्दीत टाकला असता. पण सर शाळेत तिचे गाण्याचे शिक्षक होते. सहावीपासून दहावीपर्यंत रोज मधल्या सुट्टीत त्यांनी तिला शब्द म्हणायला शिकवलं होतं. तोंड किती उघडायचं, ओठ कुठे मिटायचे, शेवटचं अक्षर जमिनीवर न सांडता कसं खाली ठेवायचं. त्या माणसानं शब्द गिळते म्हटलं म्हणजे गिळत असणार.

स्टुडिओतून ती घरी न जाता थेट सरांकडे गेली.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर टीव्ही ऐकू यायला लागला. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कोण कुणाच्या घरातून निघून चाललंय, हेही कळलं. बेल दोनदा वाजवून उपयोग नव्हता. तिनं दार वाजवलं.

काकूंनी उघडलं. कपाळाला आठ्या होत्या त्या तिला बघून गेल्या.

“अगंबाई, तू! ये, ये. चप्पल राहू दे तिथंच. अहो, बंद करा तो दंगा, कोण आलंय बघा!”

आतून उत्तर आलं नाही. काकू आत गेल्या, सरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दाराकडे हात केला. सरांनी मान वळवली.

“अरे, घाई आली!”

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ओळ संपायच्या आत पुढची धरायची तिची सवय होती, म्हणून घाई. आता ती अडतीस वर्षांची होती, पण या घरात तेच नाव चालत होतं.

“ये, बस. इथं बस, समोर. हा बघ हिरो, अर्धा तास झाला कुजबुजतोय. प्रेमात पडला तरी कुजबुजतो, घराला आग लागली तरी कुजबुजतो. याला कुणी अभिनय म्हणतं?”

“आणि ती जिन्यावरची बाई सांगा की,” काकू म्हणाल्या. “तीन दिवस झाले, जिना उतरतेय. एव्हाना पाताळात पोचली असती.”

“ती निदान बोलत तरी नाही,” सर म्हणाले आणि टीव्ही बंद केला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं.

टीपॉयवर पत्रांची चळत होती. वाचकांची. सरांनी ती तिच्यापुढे सरकवली, अभिमान लपवायचा अर्धामुर्धा प्रयत्न करत. तिनं वरवरची दोन-तीन वाचली. ‘अगदी माझ्या मनातलं लिहिलंत.’ ‘मी बहात्तर वर्षांचा आहे. आमच्या काळी एक एक शब्द मोजून घ्यावा असा ऐकू यायचा.’ ‘नवीन सिनेमात संवादच कळत नाहीत, हे आमच्या संघातल्या सर्वच ज्येष्ठांचं मत आहे.’

“बघ. एकटा मी म्हणत नाही,” सर म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा सूर उतरला. “तुला लागलं का गं? लागलंच असेल. पण विद्यार्थी माझी म्हणून सोडून दिलं असतं, तर दुसऱ्यांना कुठल्या तोंडानं बोललो असतो?”

“लागलं नाही, सर. शिकायला आलेय.” तिनं कात्रण काढलं नाही. “उद्या अकराला रेकॉर्डिंग आहे. मला शब्द जमत नाही आहेत. आज तेवीस वेळा म्हटलं.”

“म्हण बघू.”

ती खुर्चीत ताठ बसली आणि तीच ओळ म्हटली. सर पुढे झुकून तिच्या तोंडाकडे बघत होते. शाळेत बघायचे तसंच, भुवया वर करून, स्वतःचे ओठ तिच्याबरोबर हलवत.

“सुंदर!” ते म्हणाले. “अगं, स्वच्छ आहे की सगळं! समोर म्हणतेस तेव्हा कसं आरशासारखं. मग त्या मशीनपुढे गेल्यावर काय होतं तुला?”

तिच्या छातीवरचं ओझं एकदम हललं. तिनं पाण्याचा पेला उचलला, दोन घोट घेतले, आणि तो मागच्या खिडकीत ठेवायला उठता उठता सहज तीच ओळ गुणगुणली, नेहमीच्या आवाजात.

“हं! बघ, बघ,” सर मागून म्हणाले. “गेलं परत. हेच ते. ‘आवकाश’ काय, ‘अकाळ’ काय!”

ती वळली. सर खुर्चीतच होते, सहा पावलांवर. ती जागेवरून हलली नाही. फक्त तोंड त्यांच्याकडे करून तिनं तितक्याच आवाजात ओळ पुन्हा म्हटली.

“आता आहे,” सर म्हणाले.

तिनं खिडकीचा पडदा सारखा करायच्या निमित्तानं पाठ केली आणि म्हटली.

“गेलं.”

पडदा तिच्या हातात तसाच राहिला. समोरच्या इमारतीत एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती. प्रत्येक चिमटा काढून तोंडात धरत होती. गायिकेनं ते चिमटे पाच-सहा मोजले. मग ती परत येऊन सरांच्या समोर बसली, आणि बसताना खुर्ची थोडी पुढे ओढली.

“कळलं ना कुठे चुकतंय?” सरांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

“मग झालं. तू हुशारच आहेस. आता माझं एक काम कर.” त्यांनी टेबलावरचे दोन कागद उचलले. “उद्याचा लेख. सहा वाजता पेपरचा माणूस फोन करतो, मग काकू वाचून दाखवतात आणि तो उतरवून घेतो. ती एक नवी मुलगी आलीय, वीस-एकवीस वर्षांची. पहिलंच गाणं. ऐकलंस?”

“नाही अजून.”

“ऐक. आणि मग हे ऐक.” चष्मा लावून सर वाचायला लागले. “‘कळीनं उमलायच्या आधी कोमेजण्याचा हट्ट का धरावा? या मुलीनं अजून दोन वर्षं घरी बसून अक्षरं गिरवावीत. गाण्यातलं एकही वाक्य धड कळत नाही. ज्या संगीतकारांना ही उद्याची गायिका वाटते, त्यांनी आपले कान…’” सर थांबले. “जरा जास्त झालं का? पण खरं आहे. तू सांग. तू या धंद्यातली आहेस. तुझं मत काय, ते घालतो शेवटी. नाव न घेता.”

तिनं फोन काढला, गाणं शोधलं आणि कानाला लावलं.

संगीतकार म्हणाला होता तीच ती मुलगी गात होती. आवाजात अजून कोवळेपणा होता, एका तानेला तिनं उगाच हिसका दिला होता. पण शब्द धुऊन पुसून मांडलेल्या पेल्यांसारखे होते. एकेक वेगळा. एकावर बोटाचा डाग नव्हता.

गाणं संपल्यावरही तिनं फोन कानाशी तसाच धरला. हा लेख उद्या सकाळी छापून येणार होता. संगीतकार चहा पिताना वाचणार होता. अकरा वाजता काचेपलीकडून तो जेव्हा तिच्याकडे बघेल, तेव्हा नव्या मुलीचं नाव त्याच्या तोंडी येणार नव्हतं. तिनं काहीच करायची गरज नव्हती. नुसती मान हलवली तरी पुरे होती.

“काकूंना चहाला मदत करते,” ती म्हणाली, “मग सांगते.”

स्वयंपाकघरात काकू कप पुसत होत्या. पुसलेलाच कप पुन्हा पुसत होत्या.

“पडद्याजवळ काय करत होतीस, मी बघितलं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

तिनं चहाचा डबा उघडला.

“मला दोन वर्षं झाली माहीत होऊन. आधी वाटलं, मुद्दाम करतात. बायकोचं कोण ऐकतं म्हणा! मग एक दिवस कुकरची वाफ फुसफुसत होती, ती नाही ऐकली. शेजारी उभे होते. मी म्हटलं, एकदा कान तपासून या. तर त्या बुधवारी काय लिहिलं माहितेय? ‘ऐकणाऱ्यांना तपासायला पाठवतात, गाणाऱ्यांना कोण पाठवणार?’” काकू हसल्या आणि हसता हसता त्यांनी कप ओट्यावर ठेवून दिला. “चौऱ्याऐंशी पत्रं आली त्या लेखाला.”

“काकू, बाहेर तो लेख…”

“वाचला मी. मीच वाचून दाखवणार ना फोनवर.” त्यांनी गॅस बारीक केला. “निवृत्त होऊन शाळा सुटल्यावर एक वर्ष हा माणूस खुर्चीतून उठत नव्हता. दाढी करायचा नाही. हे सदर आलं आणि पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. बुधवारसाठी जगतात, अगं. मी सावकाश बोलते, समोर येऊन बोलते. आमचं चाललंय. तू तेवढं सांगू नकोस. माझ्यासाठी.”

“ती मुलगी वीस वर्षांची आहे.”

“ठाऊक आहे मला,” काकू म्हणाल्या. “म्हणून तर हा कप तिसऱ्यांदा पुसतेय.”

तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली. दार उघडंच होतं. सरांची साडेपाचची मुलं आली होती. आजूबाजूच्या इमारतींमधली आठ जणं, सात ते दहा वर्षांची. त्यांनी चपला एकमेकांच्या चपलांवर फेकल्या, सतरंजी ओढून सरळ केली आणि दोन ओळींत बसली. सरांनी शर्टाची कॉलर नीट केली. दहा मिनिटांपूर्वीचा माणूस कुणी दुसराच असावा, तसे ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसले.

“घाई, तूही बस खाली. कालची विद्यार्थिनी आजच्यांच्या पंगतीत. बघ आता, शब्द म्हणजे काय ते. ही बघ आमची शिट्टी.”

पुढच्या ओळीतली मुलगी लाजून हसली. वरचे पुढचे दोन्ही दात पडलेले होते.

“सगळ्यांत स्वच्छ शब्द हिचे. मी बाकीच्यांना सांगतो, हिच्यासारखं म्हणा. आणि चार-सहा महिन्यांत सगळी सुधारली. चला रे, सशाचं.”

मुलांनी श्वास घेतला आणि सुरुवात केली.

“सशानं शेतात शोधल्या शेंगा, शेंगा सापडल्या सतराशे…”

आठही मुलं प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ दातांतून शिट्टीसारखा काढत होती. नुसता ठळक नव्हे, फुंकर मारून, गाल आत ओढून. मागच्या ओळीतल्या एका मुलाचे सगळे दात शाबूत होते. तो जीभ दुमडून, डोळे बारीक करून ती शिट्टी वाजवत होता. गाण्याचा अर्थ, चाल, गंमत सगळी त्या फुत्कारांत वाहून चालली होती, आणि सर खुर्चीवर डोलत होते.

ही मुलं शाळेत अशीच गात असतील. घरी अशीच. दहा वर्षांनी कुणी एखादी काचेमागे उभी राहील, आणि बोट वर करून गोल फिरवणारा माणूस तिला विचारेल, हे कुठे शिकलीस?

गाणं संपलं.

“काय?” सरांनी तिच्याकडे बघून हात पसरले. “आहे का एकही अक्षर हरवलेलं? हे सात-आठ वर्षांचं पोर करू शकतं, तर ती नवी मुलगी का नाही करू शकत? सांग आता तुझं मत. सहाला दहा मिनिटं कमी आहेत.”

दारात काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

बरोबर आहे सर, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. ते तीन शब्द जिभेवर तयार होते, आणि त्यांतला ‘स’ही तिला अडवणार नव्हता. सरांची नजर तिच्या ओठांवर खिळली होती. किती विश्वासानं ते ओठांकडे बघत होते.

तिनं शेजारच्या मुलीची वही उचलली आणि तोंडासमोर धरली.

“सर, त्या मुलीचे शब्द स्वच्छ आहेत,” ती वहीमागून म्हणाली. मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा. “माझेही स्वच्छ होते. तुम्हाला स ऐकू येत नाही.”

सर तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग वहीकडे.

“काय म्हणालीस?”

तिनं पुन्हा तेच सांगितलं. वही खाली केली नाही.

“अगं, वही काढ. हा काय पोरखेळ?”

तिनं मान हलवली. नाही.

सर हसले, मग हसू तसंच ठेवून त्यांनी मुलांकडे बघितलं. मुलं हसत नव्हती. आठही जणं मान खाली घालून सतरंजीची दोरी उसवत होती. सरांनी पुढच्या ओळीत बोट दाखवलं.

“शिट्टी, तू सांग. ही काय म्हणाली?”

मुलीनं गायिकेकडे बघितलं, दारातल्या काकूंकडे बघितलं. मग ती उठून सरांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

“त्या म्हणाल्या, तुम्हाला स ऐकू येत नाही.”

ट्रेमधले कप एकमेकांना लागले.

“अस्सं,” सर म्हणाले. “आणि तुला काय वाटतं?”

मुलीनं मागं वळून बघितलं. मागच्या ओळीतला शाबूत दातांचा मुलगाच बोलायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तोही पुढे येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

“सर, मागं मी एकदा गाण्यात स म्हटलाच नाही. एकही नाही. गंमत म्हणून. तुम्हाला कळलंच नाही. आम्ही आधी हसलो. मग नाही हसलो.”

“पुढे?”

“मग हिचे दात पडले. तेव्हा तुम्ही म्हणालात, हिचं स्वच्छ ऐकू येतं. तुम्ही त्या दिवशी खूप खूश झालात. मग आम्ही ठरवलं, सगळ्यांनीच तसं म्हणायचं. फक्त इथं. शाळेत नाही म्हणत आम्ही तसं, शाळेत बाई ओरडतात.”

“सगळ्यांनी मिळून ठरवलंत?”

आठ माना हलल्या.

सरांनी वर बघितलं. दारात काकूंनी नजर ट्रेकडे वळवली होती. ते बराच वेळ काकूंकडे बघत राहिले, आणि काकू कपांच्या कडांवरून बोट फिरवत राहिल्या. मग सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

“बसा खाली,” ते मुलांना म्हणाले. “आता शाळेत म्हणता तसं म्हणा.”

“तुम्हाला ऐकू…” शिट्टी म्हणाली आणि थांबली.

“नाही येणार. म्हणा तुम्ही.”

मुलांनी गाणं म्हटलं. पहिली ओळ सर त्यांच्या तोंडांकडे बघत होते. दुसऱ्या ओळीला त्यांनी डोळे मिटून घेतले. ससा शेतात उतरला, शेंगा सापडल्या, त्या मोजता मोजता ससा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. गायिकेला एकेक अक्षर लख्ख ऐकू येत होतं. दात पडलेल्या मुलीची तेवढी एक बारीक शिट्टी मध्ये मध्ये येत होती, तिचा इलाज नव्हता. सरांच्या कपाळावर एकच शीर हलत होती.

गाणं संपल्याचं त्यांना सतरंजीवरच्या हालचालीनं कळलं. त्यांनी डोळे उघडले.

“त्या मुलीच्या गाण्यात आहेत स?” त्यांनी विचारलं.

तिनं वही परत केली होती. “आहेत.”

“किती?”

“सगळे, सर.”

सरांनी टेबलावरचे दोन कागद घेतले, आडवे फाडले, मग उभे फाडले. तुकडे कुठे ठेवावेत ते न कळून खिशात घातले. काकू ट्रे खाली ठेवून पुढे आल्या, पण सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. उठून ते कपाटाकडे गेले आणि फुगलेली एक फाइल घेऊन आले. पाच वर्षांची कात्रणं होती. नवी वर, जुनी खाली. ती त्यांनी गायिकेच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः कोरा कागद घेऊन तिच्या शेजारी, सतरंजीवर, मुलांच्या ओळीत बसले. खाली बसायला त्यांना बराच वेळ लागला.

“जिथं जिथं शब्द गिळले असं मी लिहिलंय, तेवढी नावं सांग. गाणारे, बोलणारे, सगळे. सहाचा फोन आला की हीच यादी वाचायची आणि खाली लिहायचं, की यांची तपासणी मी चुकीची केली होती.”

“आजच, सर?”

“चुकीचे गुण दिलेली वही मी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली आहे का?”

मुलांना जा म्हणून कुणी सांगितलं नाही, म्हणून ती बसूनच राहिली. गायिकेनं फाइल उघडली. नाव सांगायच्या आधी तिनं सरांच्या कोपराला हात लावला. सरांनी मान वर केली, तिच्या ओठांकडे बघितलं. तिनं सावकाश एका नटाचं नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं. तिनं पान उलटलं, पुन्हा कोपराला हात लावला. एका मालिकेतल्या नटीचं नाव. त्यांनी लिहिलं. अक्षर अजून तसंच होतं, फळ्यावरच्यासारखं गोल.

तिसरं पान तिनं दुसऱ्याबरोबरच उलटलं आणि चौथ्यावर बोट ठेवून त्यांच्या कोपराला हात लावला.

सर तिच्या ओठांकडे बघत नव्हते. फाइलीकडे बघत होते.

“दोन पानं एकदम उलटलीस,” ते म्हणाले.

“चिकटली होती, सर.”

त्यांनी ते उत्तर ऐकलं की नाही, कळलं नाही. ते कागदावर वाकले आणि तिचं नाव लिहायला लागले. घाई नव्हे. शाळेच्या हजेरीपटावर होतं तसं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. लिहून झाल्यावर त्यांनी त्याखाली रेघ मारली नाही, पुसलं नाही, काही नाही. पेन तसंच धरून मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले,

“हं. पुढचं.”